बी. प्रभा यांच्या चित्रांतील स्त्री आणि तिचे मौन

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेऱ्याच्या पुढे चांदूर रेल्वे, धामणगाव, पुलगाव ही स्थानके लागतात. वऱ्हाडच्या कापसावर डोळा ठेवून हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत नेण्यात आला. कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या स्त्रिया हे ह्या मुलखाचे नित्याचे दृश्य होय. परंतु चित्रकलेच्या इतिहासात त्यांना स्थान मिळण्यास फार काळ जावा लागला. राजा रविवर्मा यांच्या नायिका पुराणांतील आणि अलंकृत होत्या. धुरंधरांनी रस्त्यावरची स्त्री बारकाईने रेखाटली खरी, पण त्यांची दृष्टी तिच्या वेषावर आणि चालीवर अधिक होती. तिच्या मनात काय चालले आहे, हा प्रश्न अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ (१९३५) ह्या चित्रात प्रथम ठसठशीतपणे उभा राहतो.

बी. प्रभा (१९३३-२००१) यांनी आरंभी शेरगिल यांचाच प्रभाव स्वीकारला. नागपूरजवळील बेला ह्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या कलाशाळेतून त्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गेल्या, सय्यद हैदर रझा हेही दशकभर आधी ह्याच वाटेने गेले होते. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी मुंबईच्या नव्या कलेत स्त्रिया विरळाच. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह मंडळाचे सहाही संस्थापक पुरुष होते. पुढे त्या मंडळासमवेत चित्रे मांडणाऱ्या भानू राजोपाध्ये (अथय्या) चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या.

प्रभा यांच्या तैलचित्रांतील स्त्री उंच, सडपातळ, लांब मानेची असते. ती कोळीण असो वा शेतमजूर, तिच्याभोवतीचा तपशील बहुधा गाळलेला असतो आणि एकाच प्रधान रंगाने पट व्यापलेला असतो. टोपली असते, पण बाजार नसतो. पापण्या झुकलेल्या असतात. दोन स्त्रिया जवळ बसल्या तरी संभाषण चालले आहे असे वाटत नाही. हे मौन म्हणजे सोशिकपणा, असा अर्थ सहज केला जातो. तो अपुरा आहे. परिसर पुसून टाकल्यामुळे पाहणाऱ्यास ह्या स्त्रीचे गाव, जात वा काम ह्यांवरून तिचा निकाल लावता येत नाही. त्याला तिच्या विचारमग्नतेपाशीच थांबावे लागते.

ह्यावर एक आक्षेप आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ही लांब आकृती पुनःपुन्हा आल्याने तिचा साचा बनला, दुःखालाही डौल आला, आणि तो डौल दिवाणखान्यांना मानवला. स्त्रियांची वेदना रंगविणे हे प्रभा यांनी आपले ध्येय सांगितले होते. त्यांच्या काही चित्रांत ती वेदना रेषेच्या लालित्याखाली दबते, हे मान्य करावेच लागेल. पण जेथे रंग मंद आणि देह अवघडलेला राहतो, तेथे हा दोष लागू पडत नाही. सरसकट ‘शोभेची चित्रे’ म्हणून त्यांची बोळवण करणारी टीका हा भेद करीत नाही.

त्यांच्या आश्रयदात्यांचा इतिहासही ह्या संदर्भात बोलका आहे. विद्यार्थिदशेतील प्रदर्शनातूनच होमी भाभा यांनी त्यांची चित्रे विकत घेतली. १९५६ मध्ये एअर इंडियाने त्यांची सहा स्त्रीचित्रे प्रत्येकी ८७.५० रुपयांस घेतली आणि तेथून त्या कंपनीच्या प्रसिद्ध कलासंग्रहास प्रारंभ झाला. ज्या स्त्रिया पायी ओझी वाहत, त्या विमानकंपनीच्या भिंतींवर भारताची ओळख म्हणून झळकल्या! हा संग्रह २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपविण्यात आला. जाहिरातीच्या चौकटीतून सुटलेली ती चित्रे आता शेरगिल यांच्या चित्रांशेजारी ठेवून पाहता येतील.