मौनी जादूगाराचे चरित्र

चरित्रलेखकाने ऐकीव वार्तेवर विसंबू नये, याचे एक उद्बोधक उदाहरण ज्ञातिबांधवांपुढे ठेवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रंगभूमीवर ‘चुंग लिंग सू’ या चिनी जादूगाराची मोठी ख्याती होती. रंगमंचावर तो मौन पाळी आणि वार्ताहरांशी दुभाष्यामार्फत बोले. १९०५ साली चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराने त्याला तोतया म्हणून आव्हान दिले. परंतु ठरल्या वेळी फू आलाच नाही, आणि लोकमत तोतयाच्या बाजूस गेले.

दि. २३ मार्च १९१८ रोजी वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात गोळी झेलण्याच्या प्रयोगात बंदुकीतून खरीच गोळी सुटली. घायाळ ‘सू’ प्रेक्षकांदेखत इंग्रजीत उद्गारला! दुसऱ्या दिवशी तो निवर्तला. तो विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन, १८६१ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला अमेरिकन होता. घातपाताच्या वदंता उठल्या. मृत्युचौकशीने मात्र अपघाताचाच निर्णय दिला.

मौनाने असत्य झाकले, कागदाने ते उघडे केले. आपल्या पूर्वजांची चरित्रे लिहितानाही जन्मनोंद, दप्तर व समकालीन साक्ष ताडून पाहावी. गौरवाच्या मोहाने रचलेली वंशकथा पूर्वजांचा मान वाढवीत नाही.