खिडकीसाठी रांग : १९२९ ची घसरण आणि बातम्यांतला विनोद

आर्थिक अरिष्टांचा इतिहास म्हटलं की आपण आकडे काढून बसतो. आज आकडे थोडे आणि विनोद जास्त बघू या. विनोद हासुद्धा इतिहासाचा पुरावा असतो. मात्र तो नेमका कशाचा पुरावा आहे, हे तपासावं लागतं.

स्थळ न्यूयॉर्क, साल १९२९. ३ सप्टेंबरला डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. पुष्कळ लोक थोडे पैसे पदरचे आणि बाकीचे दलालाकडून उसने घेऊन शेअर घेत होते. भाव उतरला की दलाल आणखी पैसे मागायचा. नसतील तर शेअर विकून मोकळा व्हायचा. गुरुवारी, २४ ऑक्टोबरला, हेच घाऊक प्रमाणात झालं. एका दिवसात जवळजवळ १ कोटी २९ लाख शेअर विकले गेले. भाव छापणारं टिकर यंत्र काही तास मागे पडलं. म्हणजे आपण बुडालो की तरलो, तेसुद्धा माणसाला कळेना! पुढच्या मंगळवारी, २९ तारखेला, हा आकडा १ कोटी ६४ लाखांवर गेला.

आता वरची मंडळी काय म्हणत होती? राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी २५ तारखेलाच सांगून टाकलं, की देशाच्या उद्योगधंद्यांचा पाया भक्कम आहे. आणि ३० तारखेला 'व्हरायटी' या नाटक-सिनेमाच्या साप्ताहिकाने मथळा दिला : वॉल स्ट्रीटने अंडं घातलं. तिकडच्या नाटकवाल्यांच्या बोलीत अंडं घालणं म्हणजे प्रयोग साफ पडणं. गंभीर निवेदनापेक्षा हा थट्टेचा मथळा सत्याच्या जास्त जवळ होता. विनोदाचं पहिलं काम हे : जे अधिकृतपणे बोलता येत नाही, ते बोलून टाकणं.

पण दुसरी बाजूही बघा. विल रॉजर्स हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय विनोदकार. आपल्याला जे कळतं ते पेपरात वाचूनच, असं म्हणत तो रोज बातम्यांवर चार ओळी लिहायचा. घसरण होताच त्याने लिहिलं, की उडी मारायला खिडकी मिळावी म्हणून रांग लावावी लागते आहे. मग गोष्टी सुटल्याच. हॉटेलात खोली मागितली की कारकून विचारतो, झोपायला हवी की उडी मारायला? दोघांनी हातात हात घालून उडी मारली, कारण खातं जोडखातं होतं! एडी कँटर हा नट स्वतः या घसरणीत जबर बुडाला होता. त्याने त्याच वर्षी यावर विनोदी पुस्तकच काढलं.

आज कुणालाही १९२९ बद्दल विचारा. काय आठवतं? खिडक्यांतून उड्या मारणारे शेअर दलाल. अर्थतज्ज्ञ गॅलब्रेथ यांनी १९५५ च्या 'द ग्रेट क्रॅश, १९२९' या पुस्तकात ही समजूत आकडेवारीशी ताडून पाहिली. निघालं काय, तर त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेतल्या आत्महत्या तुलनेने कमी होत्या. बाजार जोरात होता त्या उन्हाळ्यात त्या जास्त होत्या. म्हणजे लाट आलीच नव्हती. काही दुर्दैवी मृत्यू झाले, हे खरं. काउंटी ट्रस्ट बँकेचे अध्यक्ष जेम्स रियॉर्डन यांनी ८ नोव्हेंबरला स्वतःवर गोळी झाडून घेतली. ठेवीदारांची झुंबड उडू नये म्हणून ती बातमी दुसऱ्या दिवशी बँक बंद होईपर्यंत दाबून ठेवली. पण गॅलब्रेथच सांगतात, की २४ तारखेला एका उंच इमारतीवर दुरुस्तीला चढलेला कामगार दिसला, तर खाली गर्दी जमली. हा आता उडी मारणार म्हणून लोक वाट बघत उभे! जनतेच्या मनात ते चित्र इतकं तयार होतं.

का बरं तयार होतं? याच पुस्तकातला आणखी एक आकडा घ्या. देशाची लोकसंख्या सुमारे १२ कोटी, आणि शेअर बाजारात प्रत्यक्ष उतरलेले लोक जेमतेम १५ लाख. बाकीच्यांच्या दृष्टीने ही श्रीमंतांची फजिती होती. वर चढलेला माणूस खाली पडतो, यात जगभर हसू येतं. खिडकीचा विनोद हा मृत्यूंचा पुरावा नाही. तो या दुराव्याचा पुरावा आहे.

हे हसू फार टिकलं नाही. जुलै १९३२ मध्ये निर्देशांक ४१ वर आला. १९३३ पर्यंत दर चार कामगारांतला जवळजवळ एक बेकार झाला. आता विनोदाने रोख बदलला. पत्र्या-फळ्यांच्या झोपडपट्टीला लोक 'हूवरव्हिल' म्हणू लागले. बाहेर काढून दाखवलेला रिकामा खिसा म्हणजे 'हूवरचा झेंडा'. आणि थंडीत अंगावर घेतलेलं वर्तमानपत्र म्हणजे 'हूवरचं ब्लँकेट'. पाया भक्कम असल्याचं ज्या पेपरात छापून आलं, तोच पेपर आता पांघरायच्या कामी आला.

हे विनोद मात्र बुडालेल्यांनी स्वतःवरच केलेले आहेत, आणि त्यांतली झोपडी, खिसा, पेपर हे सगळं खरं आहे. तेव्हा अरिष्टातला विनोद वाचताना आधी बघावं, की हसणारा कुठे उभा आहे : रस्त्यावरून वर बघतोय, की स्वतःच पेपर पांघरून पडलाय? त्याची जागा कळली, की मग त्या विनोदातून किती इतिहास घ्यायचा ते ठरवता येतं. आज इथे थांबतो.