थांबणाऱ्याचा कायदा
अपघात दिसला की गाड्या मंदावतात, काचा खाली होतात आणि गाड्या पुढे जातात. याला मी निर्दयपणा समजत होतो. निकालपत्रे वाचताना त्यामागे भीती दिसली.

परमानंद कटारा खटल्याच्या मुळाशी एक जखमी स्कूटरस्वार होता. पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटर दूर धाडले; तो वाटेतच गेला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले : आधी उपचार, मग सोपस्कार.

पण जखमीला उचलून आणणाऱ्याचे काय? जबाब, साक्ष, कोर्टाच्या खेपा त्याच्या मागे राहिल्याच. २०१६ मध्ये त्याच्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना न्यायालयाने बंधनकारक केल्या. मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले २०१९ च्या दुरुस्तीने. डॉक्टरांना कर्तव्य सांगितल्यावर तीस वर्षांनी वाटसरूला अभय मिळाले. रस्त्यावरची भीती मात्र अजून जुन्याच कायद्याने चालते.