अभंग सुटला, दृष्टान्त उरला

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या कामठ्याचे नाव सरकारी दप्तरात आढळते ते तिथल्या जमीनदारीमुळे आणि १८१८ साली चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावामुळे. या मुलखातली श्रद्धा मात्र दप्तरात फारशी सापडत नाही. इथे ती दंडार या लोकनाट्याच्या नमनात, खंजिरी भजनात आणि सप्ताहातल्या कीर्तनात नांदली. सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर असत. आता तेच कीर्तन मोबाइलवर ऐकले जाते, आणि त्यामुळे अनुभवाचा कस उतरला अशी तक्रार होते. तक्रारीत तथ्य आहे, पण दोष यंत्राचा नाही.

मराठीतल्या धार्मिक अनुभवाने साधन पूर्वीही बदलले आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांना विचारून 'लीळाचरित्रा'त आणल्या, तेव्हा सांगणाऱ्यांच्या कथनातले फरकही नोंदवले. बोललेले लेखणीत उतरले, तरी कुणी काय सांगितले हे पुसले गेले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला झालेले गाडगेबाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. बाबा प्रश्न टाकतात आणि समुदाय उत्तर देतो, हे आजही त्यात ऐकू येते. श्रोत्यांचा वाटा यंत्रानेही जपला.

यावर कोणी म्हणेल, की ते उत्तर वांद्र्याच्या समुदायाचे; आज एकट्याने ऐकणारा काय उत्तर देणार? हे खरे आहे. टाळकऱ्यांच्या साथीत स्वतःचा आवाज मिसळण्याचा अनुभव पडदा देऊ शकत नाही. पण याहून मोठी हानी काटछाटीत आहे. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो, निरूपण करतो, संतवचनांची प्रमाणे देतो, दृष्टान्त सांगतो आणि पुन्हा अभंगावर येतो. मिनिटभराच्या तुकड्यात बहुधा दृष्टान्त, त्यातही विनोद, तेवढा उरतो. ज्या अभंगासाठी तो सांगितला, तोच सुटतो. असे तुकडे पाहून तरुण कीर्तनाकडे वळतात, असेही सांगितले जाते. वळत असतील, मग पुढचे कीर्तनही त्यांच्या हाती लागले पाहिजे. कामासाठी नागपूर-रायपूरला गेलेल्या माणसाला पूर्ण चित्रफीत गावच्या सप्ताहाशी जोडून ठेवू शकते. म्हणून कीर्तन कोणत्या साधनातून आले यापेक्षा ते अभंगापाशी परत आले की नाही, हे तपासावे. चित्रीकरण करणाऱ्या मंडळींनीही हीच कसोटी लावावी.