घरदुरुस्ती रखडली, नुकसानही झाले. ग्राहकाने काय करावे?

'दिवाळीच्या आत काम पूर्ण करून देतो,' हे आश्वासन घराची दुरुस्ती काढणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांतील जुन्या सोसायट्यांमध्ये न्हाणीघराची लादी बदलणे, पाण्याच्या नळ्या नव्याने टाकणे, स्वयंपाकघराचा ओटा बदलणे, वायरिंग व रंगकाम अशी कामे सतत चालू असतात. दीड महिन्याचे काम चार महिने लांबते, मजूर गावी जातात, ठेकेदार एकाच वेळी तीन ठिकाणी कामे घेऊन बसतो, हे आता कोणालाही नवीन राहिलेले नाही. दिरंगाईच्या जोडीला नुकसान आले, की प्रश्न गंभीर होतो. छिन्नीच्या घावाने भिंतीतील नळी फुटते, वॉटरप्रूफिंगचा थर उखडला जातो, खालच्या मजल्याच्या छताला ओल येते, नव्या लादीवर सिमेंटचे डाग पडतात किंवा लाकडी दारे पाण्याने फुगतात.

अशा वेळी ग्राहकाची बाजू दुबळी का पडते, याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे. घराच्या दुरुस्तीत प्रत्येक काम पुढील कामाखाली झाकले जाते. फुटलेल्या नळीवर गिलावा येतो, सदोष वॉटरप्रूफिंगवर लादी बसते, लादीच्या फटी भरल्या जातात. सहा महिन्यांनी ओल दिसू लागते, तेव्हा दोष कोठे व कोणामुळे निर्माण झाला हे दाखविण्याचे साधन ग्राहकाच्या हाती उरत नाही. म्हणून नुकसानीची नोंद, त्याची लेखी सूचना आणि पुढील हप्त्याचा निर्णय या तिन्ही गोष्टी पुढचा थर चढण्यापूर्वीच व्हावयास हव्यात.

करार कसा असावा?

तोंडी करारही कायद्याने वैध ठरू शकतो. मात्र तो सिद्ध करणे अवघड असते. निदान दोघांच्या सह्या असलेले तपशीलवार दरपत्रक तरी हवेच. त्यात कामाची व्याप्ती, मालाची प्रत व कंपनी, काम मालासकट आहे की केवळ मजुरीवर, काम सुरू होण्याची व संपण्याची तारीख आणि हप्त्यांचे वेळापत्रक यांचा उल्लेख असावा. 'मुदत हा या कराराचा मुख्य भाग आहे' असे स्पष्ट वाक्य त्यात घालणे हिताचे ठरते. कामादरम्यान घराचे, शेजाऱ्यांचे किंवा इमारतीच्या सामाईक भागाचे नुकसान झाल्यास ते ठेकेदाराने स्वखर्चाने भरून द्यावे, हे कलमही लिहून घ्यावे.

दिरंगाईबद्दल दर आठवड्यास अमुक रक्कम कापली जाईल, अशी अट अनेक जण घालतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार अशी ठरलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा मानली जाते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देते. त्यामुळे अवास्तव दंड लिहून घेतल्याने फारसे काही साधत नाही.

हप्ते तारखेवर न बांधता कामाच्या टप्प्यांवर बांधावेत, हे सर्वांत महत्त्वाचे. नळ्या टाकून त्यांची दाबचाचणी झाल्यावर एक हप्ता, वॉटरप्रूफिंगची चाचणी झाल्यावर दुसरा, लादी बसल्यावर तिसरा, अशी रचना असावी. न्हाणीघरातील वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून ४८ ते ७२ तास पाणी भरून ठेवण्याची पद्धत आहे. या काळात खालच्या मजल्याच्या छताची पाहणी करावी आणि ओल नसल्यास तसे लिहून ठेवावे. चाचणी न होताच लादी बसवू पाहणाऱ्या मिस्त्रीला तेथेच थांबविणे, हा पुढील अनेक तंटे टाळण्याचा मार्ग होय. एकूण रकमेपैकी काही भाग काम संपल्यानंतर ठराविक काळापर्यंत, शक्यतो एक पावसाळा जाईपर्यंत, राखून ठेवण्याची अटही करारात घालता येते.

नुकसान लक्षात येताच

पहिले पाऊल नुकसान वाढू न देण्याचे. पाण्याची मुख्य तोटी बंद करणे, वायरिंगला धक्का लागला असल्यास मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलावणे, सामान हलविणे ही कामे ताबडतोब करावीत. यात व्यवहाराबरोबरच कायद्याचाही भाग आहे. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार करारभंगामुळे झालेल्या हानीची भरपाई मागता येते. परंतु ती ठरविताना हानी टाळण्यासाठी उपलब्ध असलेल्या उपायांचाही विचार होतो. गळती दिसत असूनही महिनाभर काहीच केले नाही, तर त्या महिन्यात वाढलेल्या नुकसानीचा बोजा ग्राहकावरच येऊ शकतो.

दुसरे पाऊल नोंदीचे. नुकसान झालेल्या जागेची लांबून व जवळून छायाचित्रे घ्यावीत. चित्रफीत काढताना ती जागा कोणती आहे हे कळेल अशी काळजी घ्यावी. फुटलेली नळी, निघालेली लादी यांसारखे तुकडे फेकून न देता जपून ठेवावेत. सोसायटीचे पदाधिकारी किंवा शेजारी यांच्या उपस्थितीत पाहणी करून साध्या कागदावर तारखेसह टिपण करावे आणि उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. मोबाइलवरील संदेश व छायाचित्रे मूळ उपकरणातच ठेवावीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते.

तिसरे पाऊल लेखी सूचनेचे. काय बिघडले, केव्हा लक्षात आले, दुरुस्ती किती दिवसांत अपेक्षित आहे, हे ठेकेदाराला कळवावे. मुदत गेल्यावर दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च वसूल केला जाईल, याची जाणीवही त्यातच द्यावी. भाषा सौम्य असली तरी चालते, तारखा मात्र नेमक्या हव्यात. मिस्त्रीला फोनवर बोलणे झाले असेल, तर त्याच दिवशी 'आज आपले असे बोलणे झाले' एवढा संदेश तरी पाठवावा.

दिरंगाईबाबत गप्प राहू नये

अनेक कुटुंबे 'एकदाचे काम होऊ दे, मग बोलू' या विचाराने गप्प बसतात. येथे कलम ५५ ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या करारात मुदत हा मुख्य भाग असतो, त्यात मुदतीनंतर झालेले काम ग्राहकाने स्वीकारले आणि स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याचे कळविले नाही, तर दिरंगाईची भरपाई नंतर मागता येत नाही. म्हणून मुदतवाढ देताना 'विलंबाबाबतचा हक्क अबाधित ठेवून ही वाढ देत आहोत' असे एक वाक्य पाठविणे पुरेसे ठरते. ते न पाठविल्यास खराखुरा हक्कही हातचा जाऊ शकतो.

मात्र ग्राहकानेही स्वतःची बाजू तपासून पाहावी. मध्येच नमुना बदलणे, लादीची निवड लांबविणे, सोसायटीची परवानगी वेळेवर न आणणे या गोष्टींमुळे झालेला विलंब ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही. असे प्रत्येक बदल व त्यामुळे वाढलेले दिवस लेखी ठरवून घ्यावेत.

शेजारी, सोसायटी आणि इमारत

खालच्या घरात पाणी गळू लागले, की शेजारी व सोसायटी फ्लॅटधारकालाच जाब विचारतात. ठेकेदार त्यांच्या दृष्टीने तिऱ्हाईत असतो. शेजाऱ्याचे छत आधी दुरुस्त करून देणे, त्याची पावती घेणे आणि तो खर्च ठेकेदाराकडे मागणे, हा व्यवहार्य क्रम होय. त्यामुळे शेजार टिकतो आणि खर्चाचा पुरावाही तयार होतो.

कॉलम, बीम किंवा स्लॅबला धक्का लागला असेल, तर तेथे काटकसर किंवा भीड नको. काम त्वरित थांबवून सोसायटीला कळवावे आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी करून घ्यावी. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क परिसरातील इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांमुळे इमारतीच्या सांगाड्याला धक्का बसल्याचा आरोप त्या वेळी रहिवाशांनी केला होता. नळी नेण्यासाठी बीम फोडणे किंवा जागा वाढविण्यासाठी कॉलम तासणे हा प्रकार साऱ्या इमारतीच्या जिवाशी खेळ असतो.

ठेकेदार बदलताना

लेखी सूचना देऊनही काम सुरू होत नसेल, तर करार संपवून दुसऱ्याकडे काम सोपविण्याची वेळ येते. नवा मिस्त्री हात लावण्यापूर्वी झालेल्या कामाची मोजणी व मूल्यांकन त्रयस्थ अभियंत्याकडून करून घ्यावे. मोजणीच्या दिवशी जुन्या ठेकेदाराला हजर राहण्याची लेखी सूचना द्यावी. तो आला नाही, तरी सूचना उपयोगी पडते. झालेल्या योग्य कामाचे पैसे त्याला देणे लागते, हेही विसरू नये. त्याची अवजारे अडवून ठेवण्याने ग्राहकाचीच बाजू बिघडते; यादी करून, सही घेऊन ती परत करावीत.

भरपाईचा हिशेब कसा मांडावा, याचे एक उदाहरण घेऊ. समजा, करार ४ लाख रुपयांचा होता आणि ३ लाख दिले गेले. उरलेले काम व सदोष कामाची दुरुस्ती यांसाठी नवा ठेकेदार २ लाख ६० हजार घेतो. म्हणजे एकूण खर्च ५ लाख ६० हजार, करारापेक्षा १ लाख ६० हजारांनी अधिक. त्यात शेजाऱ्याच्या छताचे ३० हजार आणि दोन महिने अधिक राहावे लागलेल्या भाड्याच्या घराचे ५० हजार मिळविल्यास मागणी २ लाख ४० हजारांची होते. प्रत्येक आकड्यामागे पावती असेल, तर असा हिशेब नाकारणे कठीण जाते.

दाद कोठे मागावी?

प्रथम वकिलामार्फत किंवा स्वतः नोटीस पाठवावी. ती पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठविणे चांगले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग खुला आहे. गृहबांधणी ही ग्राहक कायद्याखालील 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले होते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे जावे लागते, तर ५ लाखांपर्यंत शुल्क भरावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. वकील लावणे सक्तीचे नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो; प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, याची तयारी ठेवावी.

रोजंदारीवर कारागीर स्वतः लावून, स्वतःच्या देखरेखीखाली काम करून घेतले असेल, तर मात्र तो 'वैयक्तिक सेवेचा करार' असल्याचा आक्षेप येऊ शकतो. असा करार ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्या स्थितीत दिवाणी न्यायालयात जावे लागते. करारभंगाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत असते. दोन्ही पक्ष तयार असल्यास लोकअदालतीत विनाशुल्क तडजोड होऊ शकते. तेथील निवाड्यावर अपील होत नाही.

महारेराकडे जाण्याचा विचार काही जण करतात. तेथे विकासक व त्याच्या प्रकल्पाविषयीच्या तक्रारी चालतात. दुरुस्तीच्या ठेकेदाराविरुद्ध तेथे दाद मिळत नाही. नव्या फ्लॅटमध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष दूर करण्याची जबाबदारी विकासकाची असते. मात्र मूळ वॉटरप्रूफिंग ग्राहकाच्याच ठेकेदाराने फोडले असेल, तर विकासक ती जबाबदारी नाकारण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यातही दिरंगाई वा निकृष्ट काम हा दिवाणी वाद ठरविला जातो. पैसे घेतानाच फसविण्याचा हेतू होता असे दाखविता आले, तर मात्र भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम लागू होऊ शकते.

एवढे जरूर करावे

- पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत. रोख दिल्यास सही घ्यावी.
- कामाआधीच्या घराची, लिफ्टची व जिन्याची छायाचित्रे काढून ठेवावीत.
- नळ्या व वायर कोठून गेल्या आहेत, याची छायाचित्रे गिलाव्यापूर्वी घ्यावीत.
- चाचणीवाचून लादी बसवू देऊ नये आणि त्या टप्प्याचा हप्ताही देऊ नये.
- मुदतवाढ, बदल व तक्रार या तिन्ही गोष्टी तारखेसह लेखी असाव्यात.

ठेकेदारांपैकी सर्वच जण बेजबाबदार असतात असे नाही. चूक दाखविल्यावर स्वखर्चाने लादी काढून पुन्हा बसवून देणारे कारागीरही याच शहरांत आहेत. लेखी व्यवहाराने अशा कारागिराचेही रक्षण होते, कारण ग्राहकाच्या लहरीने वाढलेल्या कामाचे पैसे त्यालाही कागदाच्याच आधारे मागता येतात.