तारापूरचे इंधन : एका खरेदीची तीस वर्षे

१/ पाम, कुंभवली, बोईसर या भागातील रस्त्यांवरून औद्योगिक वसाहतीचे टँकर रोज धावतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक रसायन नेणाऱ्या वाहनावर मालाचे नाव, धोक्याची खूण, संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक आणि आपत्कालीन दूरध्वनी असावा लागतो. मात्र या पट्ट्यासाठी झालेली सर्वांत अवघड खरेदी टँकरमधल्या मालाची नव्हती. त्या मालासाठी थेट अमेरिकी सिनेटमध्ये मतदान झाले होते. ही हकिकत त्या मालाची.

२/ ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूर करार झाला. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्याच्या होत्या आणि त्यांना समृद्ध युरेनियम लागे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. त्याचे प्रमाण वाढवण्याचा कारखाना तेव्हा भारताकडे नव्हता. म्हणून अट अशी ठरली : तीस वर्षे इंधन अमेरिका पुरवील आणि या केंद्रात भारत दुसऱ्या कोणाचेही इंधन वापरणार नाही.

३/ हा माल येई युरेनियम हेक्झाफ्लोराइडच्या रूपात, बंद पोलादी नळकांड्यांतून. समृद्ध युरेनियमच्या या संयुगाचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक २९७७. याचा तातडीचा धोका किरणोत्सारापेक्षा रासायनिक अधिक. हवेतील ओलाव्याशी संयोग झाला की त्यातून अतिदाहक हायड्रोजन फ्लोराइड निर्माण होतो. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याचे युरेनियम डायऑक्साइड बनवत, त्याच्या गोळ्या धातूच्या नळ्यांत भरत आणि नळ्यांचे जुडगे तारापूरला पाठवत.

४/ ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. महाराष्ट्र आणि गुजरात दोघांनाही त्याची वीज मिळू लागली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. त्यात तारापूरचे इंधन वापरलेले नव्हते, तरी संशयाची झळ तारापूरलाच लागली.

५/ १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीस खुली नाहीत, त्यास इंधन देऊ नये, असा त्याचा आशय. भारताचे म्हणणे होते की, तारापूरची तपासणी आम्ही मान्य केलीच आहे. १९६३ चा करार नंतरच्या देशांतर्गत कायद्याने बदलता येत नाही.

६/ मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने सुमारे ३८ टन इंधनाचा निर्यात परवाना एकमताने नाकारला. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आपल्या अधिकारात निर्यातीस मान्यता दिली. प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी तिला विरोध केला. निर्यात रोखायची तर दोन्ही सभागृहांची संमती आवश्यक होती. २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये विरोधाचा ठराव ४८ विरुद्ध ४६ असा फेटाळला गेला. अवघ्या दोन मतांनी परवाना वाचला!

७/ पेच मात्र सुटला नाही. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत तोडगा निघाला आणि पुरवठ्याची जबाबदारी फ्रान्सने घेतली. १९९३ मध्ये कराराची मुदत सरली, तशी फ्रान्सनेही सर्व केंद्रांच्या तपासणीची अट पुढे केली. पुढे चीनकडून आणि त्यानंतर रशियाकडून इंधन आले. पर्याय म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी युरेनियम-प्लुटोनियमचे मिश्र ऑक्साइड इंधन तयार केले आणि त्याचे काही जुडगे तारापूरला वापरलेही.

८/ एक प्रश्न तरीही उरला : जळून गेलेल्या इंधनाचे काय? ताजे इंधन फारसे किरणोत्सारी नसते. वापरलेले इंधन मात्र अत्यंत प्रखर असते, ते जाड कवचाच्या पेट्यांतूनच हलवावे लागते. त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यास अमेरिकेची संमती मिळाली नाही आणि ते परतही नेले गेले नाही. वर्षानुवर्षे ते तारापूरलाच, पाण्याच्या कुंडांत साठत राहिले.

९/ घातक मालाचा इतिहास बहुधा अपघातांच्या तारखांनी सांगितला जातो. तारापूरच्या कथेत अपघात नाही. आहेत त्या परवाने, अटी आणि मुदती. माल कोणाकडून घ्यायचा, हे दूरच्या राजधान्यांत ठरत गेले. वापरून झाल्यावर त्याचे ओझे मात्र याच किनाऱ्याने वाहिले. कोणताही खरेदी करार वाचताना म्हणूनच शेवटचे कलम आधी पाहावे : उरलेल्याची जबाबदारी कोणाची?