पाठभेदांतून वंशावळ

छत्रपती संभाजीनगरपासून पैठण पन्नासएक किलोमीटर. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रत उतरविणाऱ्याच्या हातून चूक झाली, की पुढच्या प्रतींतही ती उतरते. म्हणून अनेक पोथ्यांत त्याच त्या चुका आढळल्या, तर त्यांचे मूळ एक असावे, असे जाणकार मानतात. निसर्गानेही अशीच एक पोथी जपली आहे. तिची हकीकत मला सांगावयाची आहे.

प्रत्येक पेशीत प्रथिने घडविणारे सूक्ष्म कारखाने असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांच्या गाभ्यात आरएनएचा धागा असतो. जंतूंमध्ये त्यातील एक धागा सुमारे दीड हजार अक्षरांचा, आणि वर्णमाला अवघी चार अक्षरांची! हा कारखाना बंद पडला की जीव संपला. त्यामुळे त्यातील मजकूर फार सावकाश बदलतो, आणि कोट्यवधी वर्षांनंतरही ताडून पाहता येतो.

हा धागा स्वतःवरच दुमडतो, आणि समोरासमोरची अक्षरे जोड्या जुळवितात. ओवीतील एका चरणाचे यमक बदलले, तर दुसऱ्याचेही बदलावे लागते. तसेच येथेही एक अक्षर बदलले, की पुष्कळदा त्याचा जोडीदारही बदललेला आढळतो. त्यावरून धाग्याची घडण उमगते, आणि दोन जीवांचे पाठ नेमके कसे जुळवून पाहावेत, तेही कळते.

१९७७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी या धाग्यांचे तुकडे ताडून पाहिले. मिथेन वायू निर्माण करणारे काही जीव दिसावयास इतर जंतूंसारखेच. पण त्यांचा पाठ इतका निराळा निघाला, की त्यांचे घराणेच स्वतंत्र मानावे लागले. पुढे त्याला आर्किया हे नाव पडले. अनेक विद्वानांनी प्रथम ही गोष्ट मनावर घेतली नाही. पण पुरावा साचत गेला, आणि १९९० मध्ये वोज व सहकाऱ्यांनी जीवसृष्टीच्या तीन शाखा मांडल्या.

आता लोणारकडे वळू. अशनीच्या आघाताने झालेल्या या सरोवराचे पाणी अतिशय क्षारयुक्त. तेथील पुष्कळ जीव प्रयोगशाळेत वाढविता येत नाहीत. तरीही २००६ साली पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी याच धाग्याच्या जनुकांवरून त्यांची ओळख प्रसिद्ध केली. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोकांत नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, आणि खारट पाण्यात वाढणारे आर्किया याला कारण असल्याचे सांगितले.

सुट्टीत मुलांना घेऊन लोणारला गेलात, तर काठावर त्यांना एवढे अवश्य सांगा: हे सूक्ष्म जीव दिसतात जंतूंसारखे, पण त्यांची पोथी पाहावी, तर त्यांचे नाते जंतूंपेक्षा आपल्याशी अधिक जवळचे आहे.